एचआयव्हीची लागण: कशाने होते, कशाने होत नाही

एचआयव्ही हा विषाणू माणसाच्या रक्तातल्या एका ठरावीक प्रकारच्या पांढऱ्या पेशींमध्ये वाढतो. या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-४ नावाचे प्रथिन असते. विषाणू आधी या सीडी-४ला चिकटतो, मग पेशीवरच्याच दुसऱ्या एका प्रथिनाचा, बहुतेक वेळा सीसीआर-५चा, आधार घेतो आणि त्यानंतरच त्याला आत शिरता येते. आत गेल्यावर तो आपल्या आरएनएवरून डीएनएची प्रत तयार करतो आणि ती पेशीच्या गुणसूत्रात जोडून टाकतो. एकदा हे जोडकाम झाले की लागण कायमची झाली. पण ज्या पेशींवर हे दरवाजे नाहीत, तिथे विषाणूचे काही चालत नाही.

विषाणूभोवती चरबीसारख्या पदार्थाचे पातळ आवरण असते. साबण, उष्णता आणि कोरडेपणा यांपुढे ते टिकत नाही. सांडलेले रक्त वाळले की काही तासांत त्यातले ९० ते ९९ टक्के विषाणू निकामी होतात, असे प्रयोगशाळेतल्या मोजणीत दिसले आहे. माणसाच्या शरीराबाहेर त्याची वाढ तर होतच नाही. वाळून निकामी होण्याला मात्र एक महत्त्वाचा अपवाद आहे. वापरलेल्या सिरिंजमध्ये रक्ताचा थेंब अडकून राहिला, तर तो बंद जागेत वाळत नाही आणि त्यातला विषाणू कित्येक दिवस, थंड तापमानात काही आठवडेही, जिवंत राहू शकतो. हा अपवाद पुढे पुन्हा येईल, कारण त्याने बरीच हानी केली आहे.

लागण होण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. ज्या द्रवातून विषाणू येतो त्यात त्याची संख्या पुरेशी हवी. तो द्रव दुसऱ्याच्या रक्तात किंवा शरीराच्या आतल्या ओलसर अस्तरापर्यंत, म्हणजे श्लेष्मल त्वचेपर्यंत, पोचला पाहिजे. आणि तिथे सीडी-४ असलेल्या पेशी हाताशी असल्या पाहिजेत. यातली एक जरी गोष्ट नसेल तरी लागण होत नाही. सरकारी भित्तिपत्रकांवर वर्षानुवर्षे ‘यामुळे एड्स होत नाही’ अशा याद्या छापल्या गेल्या, पण का होत नाही हे क्वचितच सांगितले गेले. त्यामुळे यादीत नसलेला प्रसंग समोर आला की माणूस पुन्हा घाबरतो. वरच्या तीन अटी ठाऊक असल्या तर यादी पाठ करावी लागत नाही.

पहिली अट द्रवांची. लागण होण्याइतका विषाणू रक्त, वीर्य, वीर्यापूर्वी येणारा स्राव, योनिस्राव, गुदाशयातला स्राव आणि आईचे दूध यांतच असतो. लाळ, घाम, अश्रू, लघवी, विष्ठा, शेंबूड, उलटी यांत रक्त मिसळलेले नसेल तर त्यांतून लागण होत नाही. लाळेत विषाणूचे अंश सापडतात, पण अत्यंत कमी. शिवाय लाळेत क्षारांचे प्रमाण कमी असल्याने संसर्गित पेशी तिच्यात फुगून फुटतात आणि विषाणूला रोखणारी प्रथिनेही तिच्यात असतात.

भारतात एचआयव्हीची बहुतांश लागण लैंगिक संबंधांतून होते. या मार्गाचा धोका सगळीकडे सारखा नसतो. गुदाशयाचे अस्तर एकाच थराचे आणि नाजूक असते, त्याखाली सीडी-४ पेशींची दाटी असते. म्हणून गुदसंभोगात ग्रहण करणाऱ्या जोडीदाराला धोका सर्वाधिक. उपचार न घेणाऱ्या संसर्गित जोडीदाराशी निरोधशिवाय आलेल्या दर १०,००० संबंधांमागे हा आकडा साधारण १३८ धरला जातो. योनिसंभोगात स्त्रीला होणारा धोका १०,००० मागे सुमारे ८ आणि पुरुषाला सुमारे ४. स्त्रीच्या बाबतीत श्लेष्मल त्वचेचे क्षेत्र मोठे असते आणि वीर्य आत बराच वेळ राहते, त्यामुळे हा फरक पडतो. मुखमैथुनाचा धोका इतका कमी आहे की त्याला नेमका आकडा देणेही अवघड जाते.

१०,००० मागे ८ हा आकडा वाचून कुणाला हायसे वाटेल, पण तो एका वेळेचा आहे आणि संसार वर्षानुवर्षे चालतो. शिवाय ही सरासरी आहे. नव्याने लागण झालेल्या माणसाच्या रक्तात पहिल्या काही आठवड्यांत विषाणूची संख्या प्रचंड असते, त्या काळात धोका सरासरीच्या कित्येक पट वाढतो. त्याला स्वतःला मात्र फार तर थोडा ताप, घसादुखी, अंगावर पुरळ एवढेच जाणवते, कधी तेही नाही. त्यानंतर आठ-दहा वर्षे काहीही लक्षण न दिसता जाऊ शकतात. गरमी, हर्पिस यांसारख्या लैंगिक आजारांनी जननेंद्रियावर जखम झाली असेल तर विषाणूला उघडी वाट मिळते आणि जखमेपाशी जमलेल्या सीडी-४ पेशीही आयत्या सापडतात.

पुण्यात १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची पाहणी झाली. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९७ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के जणींना एचआयव्हीची लागण झालेली आढळली आणि यातल्या बहुतेकींचा आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आलेला होता, तो म्हणजे नवरा. एचआयव्ही ‘तसल्या’ लोकांना होतो, या समजुतीला महाराष्ट्रातूनच मिळालेले हे ठोस उत्तर होते. लागण होण्याचा संबंध स्वतःच्या वागण्याइतकाच, कधी त्याहून अधिक, जोडीदाराच्या शरीरातल्या विषाणूशी असतो.

निरोध दरवेळी आणि नीट वापरला तर हा मार्ग जवळजवळ बंद होतो. लॅटेक्सच्या पापुद्र्यातून विषाणू पलीकडे जात नाही. अपयश येते ते बहुधा निरोध वापरायचा राहिला, उशिरा चढवला किंवा तेलकट मलमामुळे फाटला म्हणून. पुरुषांची सुंता केल्यास स्त्रीकडून होणारी लागण सुमारे ६० टक्क्यांनी घटते, हे दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा इथल्या तीन मोठ्या चाचण्यांत दिसले. अग्रत्वचेच्या आतल्या बाजूला विषाणूला हव्या असलेल्या पेशी पुष्कळ असतात, हे त्याचे मुख्य कारण. लागण नसलेल्या पण धोका असलेल्या व्यक्तीने आधीपासून रोज घ्यायची प्रतिबंधक गोळीही आता उपलब्ध आहे. प्रेप या नावाने ती ओळखली जाते.

रक्ताच्या मार्गात श्लेष्मल त्वचेचा अडथळाच राहत नाही. संसर्गित रक्त शरीरात चढवले तर दहापैकी नऊहून अधिक वेळा लागण होते. १९८० च्या दशकात रक्तस्रावाचा आनुवंशिक आजार, म्हणजे हिमोफिलिया, असलेले हजारो रुग्ण जगभर अशा रीतीने संसर्गित झाले, कारण त्यांचे औषध अनेक दात्यांच्या रक्तद्रवातून बनत असे. भारतात रक्तपेढ्यांमध्ये एचआयव्हीची तपासणी १९८९ मध्ये सक्तीची झाली. पण तेव्हा पैसे घेऊन वारंवार रक्त देणाऱ्या धंदेवाईक दात्यांवर बऱ्याच रक्तपेढ्या अवलंबून होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर ही पद्धत १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली. रक्तदान करणाऱ्याला मात्र कधीच धोका नव्हता आणि नाही. त्याच्यासाठी वापरलेली पिशवी आणि सुई नवीन असते, आणि रक्त बाहेर जात असते, आत येत नसते. तरीही रक्तदान शिबिरात ही शंका आजही विचारली जाते.

सुईचा धोका कोणाच्या हातात ती आहे यावर ठरतो. नशेचे इंजेक्शन एकाच सिरिंजने आळीपाळीने घेतले तर १०,००० मागे सुमारे ६३ वेळा लागण होते, आणि नशा करणारा हे दिवसातून अनेकदा करतो. मणिपूर आणि मिझोराममध्ये साथ पसरली ती मोठ्या प्रमाणात याच वाटेने. परिचारिकेला किंवा डॉक्टरला रुग्णाची वापरलेली सुई चुकून टोचली तर धोका १,००० मागे दोन-तीन एवढाच असतो. त्याच सुईतून हिपॅटायटिस-बी होण्याचा धोका, लस घेतलेली नसेल तर, ३० टक्क्यांपर्यंत जातो. रुग्णालयातले कर्मचारी एचआयव्हीला जेवढे घाबरतात त्याच्या निम्मेही हिपॅटायटिसला घाबरत नाहीत, हे यातले विचित्र वास्तव आहे.

सर्वांत वाईट प्रसंग घडले ते उपचाराच्या नावाखाली. कंबोडियातल्या रोका गावात २०१४ च्या अखेरीस दोनशेहून अधिक लोकांना एचआयव्ही झाल्याचे उघड झाले. परवाना नसलेला एक वैदू तीच ती सिरिंज वापरत होता. पाकिस्तानात सिंध प्रांतातल्या रातोदेरो इथे २०१९ मध्ये शेकडो लहान मुले संसर्गित आढळली. त्यांतल्या बहुतेकांच्या आईवडिलांना लागण नव्हती. चौकशीत असुरक्षित इंजेक्शने हेच मुख्य कारण पुढे आले. सुई बदलली पण सिरिंज तीच ठेवली तरीही धोका उरतो, कारण रक्त मागे ओढले जाऊन सिरिंजच्या नळीत शिरते. एकदा वापरल्यावर आपोआप निकामी होणाऱ्या सिरिंज आल्या त्या यासाठीच. साध्या तापासाठी, अशक्तपणासाठी ‘सुई टोचा’ असा आग्रह रुग्णच धरतात, त्यामुळे गरज नसलेली इंजेक्शने वाढतात आणि जिथे स्वच्छता नाही तिथे धोकाही वाढतो.

आईकडून बाळाला लागण तीन टप्प्यांवर होऊ शकते: गर्भात, बाळंतपणाच्या वेळी आणि अंगावर पाजताना. गर्भात आई आणि बाळ यांचे रक्त एकमेकांत मिसळत नाही, वार हा पडदा बऱ्यापैकी सांभाळतो. बाळंतपणात मात्र बाळ आईचे रक्त आणि योनिस्राव यांतून बाहेर येते, म्हणून सर्वाधिक लागण या वेळी होते. काहीच उपचार केले नाहीत तर तिन्ही टप्पे मिळून १५ ते ४५ टक्के बाळांना एचआयव्ही होतो. म्हणजे उपचार नसतानाही निम्म्याहून अधिक बाळे वाचतात, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आईने औषधे नियमित घेतली आणि बाळाला जन्मानंतर काही आठवडे प्रतिबंधक औषध दिले तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली, चांगल्या देखरेखीत एक टक्क्याच्याही खाली येते. गर्भवतीच्या पहिल्या तपासण्यांत एचआयव्हीचा समावेश असतो तो याचसाठी. वडिलांकडून बाळाला थेट लागण होत नाही, आधी आईला व्हावी लागते.

दुधाचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. दुधातून विषाणू जातो हे खरे, पण गरीब घरात वरचे दूध अस्वच्छ पाण्यात कालवून दिले तर जुलाबाने मूल दगावण्याची भीती त्याहून मोठी असते. दक्षिण आफ्रिकेत दरबान इथे १९९९ मध्ये झालेल्या अभ्यासात अनपेक्षित गोष्ट दिसली. पहिले काही महिने निव्वळ अंगावरचे दूध घेणाऱ्या बाळांपेक्षा आईचे दूध आणि वरचे अन्नपाणी असे दोन्ही घेणाऱ्या बाळांना लागण अधिक झाली. वरच्या पदार्थांनी बाळाच्या आतड्याच्या नाजूक अस्तराला इजा होते आणि विषाणूला वाट मिळते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. आपल्याकडे बाळघुटी, मध, साखरेचे पाणी देण्याची घरोघर रीत आहे. संसर्गित आईच्या बाळासाठी पहिल्या सहा महिन्यांत हीच रीत नडते. म्हणून आईने औषध चालू ठेवून सहा महिने केवळ अंगावर पाजावे, असा सल्ला सरकारी कार्यक्रमात दिला जातो.

आता ज्या गोष्टींची भीती वाटते पण लागण होत नाही, त्या पाहता येतील. एकत्र राहण्याने काय होते याचा पुरावा साथीच्या सुरुवातीलाच मिळाला होता. न्यूयॉर्कमध्ये डॉ. जेराल्ड फ्रीडलंड यांनी १९८६ मध्ये एड्सच्या ३९ रुग्णांच्या घरातल्या १०१ माणसांची तपासणी प्रसिद्ध केली. ही माणसे रुग्णांसोबत किमान तीन महिने एकाच घरात राहिली होती. दाटीवाटीची घरे, एकच न्हाणीघर, तीच भांडी, तेच टॉवेल, काही ठिकाणी वस्तरा किंवा दातांचा ब्रशही एकच. लैंगिक जोडीदार यांत धरलेले नव्हते. लागण फक्त एका पाच वर्षांच्या मुलीला आढळली आणि तिला ती जन्माच्या वेळी आईकडून झालेली होती. स्पर्श, मिठी, एका ताटातले जेवण, खोकला, शौचालय, पोहण्याचा तलाव यांत वरच्या तीन अटी एकत्र जुळत नाहीत.

हा पुरावा असतानाही १९८९ मध्ये गोव्यात जे घडले ते नोंदवण्याजोगे आहे. म्हापशाच्या रुग्णालयात रक्तदान करणारा डॉमनिक डिसोझा हा तरुण तपासणीत संसर्गित आढळला. त्या वर्षी फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला बोलावून घेतले आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली, त्याला काहीही न सांगता, पूर्वी क्षयरोग्यांसाठी असलेल्या पण तेव्हा वापरात नसलेल्या एका इमारतीत कोंडले. तिथे तो ६४ दिवस होता. त्याची आई ल्युसी डिसोझा हिने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. डॉमनिकची सुटका झाली, पण अलग ठेवण्याचा तो कायदा न्यायालयाने वैधच ठरवला. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत जातात, तिथे अलगीकरणाला वैद्यकीय अर्थ असतो. एचआयव्ही खोलीच्या हवेत जातच नाही, त्यामुळे त्या ६४ दिवसांत एकाही माणसाचे संरक्षण झाले नाही. डॉमनिकने पुढे एचआयव्हीबाधितांसाठी संघटना उभी केली आणि १९९२ मध्ये तो वारला.

डासांची शंका सर्वांत चिवट आहे, आणि ती अडाणीपणाची नाही. डास रक्त पितो, एकाला चावून दुसऱ्याला चावतो, मलेरिया पसरवतो, मग हा विषाणू का नाही? मलेरियाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो आणि त्याच्या लाळग्रंथींपर्यंत जातो. एचआयव्हीला डासात सीडी-४ पेशी मिळत नाहीत, तो रक्ताबरोबर पचून जातो. डासाच्या सोंडेत रक्त ओढण्याची नळी वेगळी आणि लाळ सोडण्याची वेगळी असते. म्हणजे चावताना आधीच्या माणसाचे रक्त तो दुसऱ्यात ओतत नाही. सोंडेला बाहेरून चिकटलेले रक्त नगण्य असते. साथीचे चित्रही हेच सांगते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या बेल ग्लेड या डासांनी भरलेल्या गावात १९८५ च्या सुमारास रुग्णसंख्या फार मोठी होती आणि संशय डासांवर गेला. तपासणीत दोन ते दहा वर्षांच्या मुलांत आणि म्हाताऱ्यांत लागण आढळली नाही. डास काही वय पाहून चावत नाहीत. लागण होती ती लैंगिकदृष्ट्या सक्रिय आणि नशेची सुई वापरणाऱ्या वयोगटात.

काही प्रसंग मधल्या पट्ट्यात मोडतात. न्हाव्याच्या वस्तऱ्याने लागण होण्याची शक्यता कागदावर आहे, कारण रक्त येऊ शकते. पण पात्यावर रक्त थोडे असते, ते उघड्यावर वाळते, आणि या वाटेने लागण झाल्याचे भक्कम पुरावे नाहीत. गिऱ्हाइकासमोर नवे ब्लेड घालण्याची जी पद्धत आपल्याकडे रुळली तिचा उपयोग हिपॅटायटिस रोखण्यासाठी अधिक आहे. जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदतात, तिथे मात्र नवी सुई मागावीच. गालावरच्या किंवा ओठांवरच्या चुंबनाने लागण होत नाही. दोघांच्याही हिरड्यांतून रक्त येत असताना घेतलेल्या खोल चुंबनातून लागण झाल्याचे तुरळक उदाहरण वैद्यकीय नोंदींत आहे. संसर्गित आणि हिरड्यांतून रक्त येणाऱ्या मोठ्या माणसाने स्वतः चावलेला घास बाळाला भरवल्याने लागण झाल्याच्या काही घटना अमेरिकेत नोंदल्या आहेत. दोन्हीकडे वाहक लाळ नव्हती, रक्त होते.

गेल्या पंधरा वर्षांत या विषयातला सर्वांत मोठा बदल पहिल्या अटीशी, म्हणजे विषाणूच्या संख्येशी निगडित आहे. एचआयव्हीविरोधी, म्हणजे एआरटी, औषधे नियमित घेतली की बहुतेकांच्या रक्तातली विषाणूसंख्या काही महिन्यांत इतकी घटते की नेहमीच्या चाचणीत ती मोजताच येत नाही. विषाणू शरीरातून गेलेला नसतो, पेशींच्या गुणसूत्रांत तो दडून असतो, पण द्रवांत उतरत नाही. एक जोडीदार संसर्गित आणि दुसरा नाही अशा १,७६३ जोडप्यांवर नऊ देशांत एक चाचणी झाली. पुणे आणि चेन्नई ही तिची भारतातली केंद्रे होती. लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असा निकाल २०११ मध्ये आला. त्यानंतर युरोपात जोडप्यांच्या निरोधशिवाय आलेल्या हजारो संबंधांची नोंद ठेवली गेली. संसर्गित जोडीदाराचा विषाणूभार मोजण्यापलीकडे घटलेला असताना त्याच्याकडून दुसऱ्याला झालेली लागण एकही सापडली नाही. अभ्यासाच्या काळात काहींना एचआयव्ही झाला, पण विषाणूच्या जनुकांची तुलना केल्यावर तो बाहेरच्या कुणाकडून आल्याचे दिसले.

हा शून्याचा नियम लैंगिक संबंधांपुरता आहे. स्तनपानात उपचारांमुळे धोका फार घटतो, तरी शून्य म्हणता येत नाही. एकच सुई वापरण्याला तर तो लावूच नये. आणि औषधे मध्येच सोडली तर काही आठवड्यांत विषाणूसंख्या पुन्हा चढते. भारतात एआरटी सरकारी केंद्रांतून २००४ पासून मोफत मिळते आणि २०१७ पासून निदान होताच, सीडी-४ पेशी किती उरल्या हे न पाहता, उपचार सुरू केले जातात.

धोक्याचा प्रसंग घडून गेला असेल, म्हणजे सुई टोचली, निरोध फाटला, बलात्कार झाला, तरीही लागण रोखता येते. विषाणू शिरल्यापासून तो शरीरभर पसरेपर्यंत थोडा अवधी जातो. या अवधीत, शक्य तितक्या लवकर आणि ७२ तासांच्या आत औषधे सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. सुई टोचलेली जागा साबण-पाण्याने धुवावी. पिळू नये, ब्लीच किंवा जहाल रसायन लावू नये.

अशा प्रसंगानंतर दुसऱ्याच दिवशी केलेल्या तपासणीतून त्या प्रसंगात लागण झाली की नाही हे कळत नाही. नेहमीची चाचणी विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते, आणि ती मोजण्याइतकी तयार व्हायला साधारण तीन आठवडे ते तीन महिने लागतात. या काळात अहवाल निगेटिव्ह येऊनही माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. विषाणूचे जनुकद्रव्य थेट शोधणारी नॅट चाचणी हा काळ दहा ते तेहतीस दिवसांवर आणते, म्हणून काही रक्तपेढ्या ती वापरतात. संसर्गित आईच्या नवजात बाळाच्या बाबतीत अडचण उलटी असते. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळात आलेली असतात आणि अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे लागण नसलेल्या बाळाचीही साधी चाचणी पॉझिटिव्ह येते. म्हणून अशा बाळाच्या टाचेतून सहाव्या आठवड्यात रक्ताचे थेंब घेतात, कागदावर वाळवून प्रयोगशाळेत पाठवतात आणि त्यात विषाणूचे जनुकद्रव्यच शोधतात. अंतिम निदान अठरा महिन्यांनंतरच्या, स्तनपान थांबल्यावर केलेल्या चाचणीने होते.